पाव फेरा

त्या हॉलबद्दल कोणी वावगं बोललं, की अर्लीन टिबेट्सच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जहाजांच्या पोटात कापसाच्या गासड्या ठासणाऱ्या काळ्या कामगारांनी, म्हणजे तिच्या आजोबांच्या पिढीनं, गॅल्व्हेस्टनमध्ये स्वतःच्या कमाईतून उभा केलेला हॉल होता तो. तिथंच तिचं लग्न लागलं. तिथंच तिचा नवरा लूशस जन्मभर ट्रम्पेट वाजवत राहिला, आणि तिथूनच त्याला शेवटचं नेलं. आणि आता म्हणे तो पाडून तिथं हॉटेलच्या गाड्या लावायच्या होत्या.

जुन्या इमारतींच्या समितीचा नियम सरळ होता. एकोणीसशे सालच्या मोठ्या वादळाआधीची इमारत असेल तर तिला हात लावायचा नाही, नंतरची असेल तर पाडायला मोकळीक. आणि हॉलच्या दारावरच्या दगडात तर ठसठशीत १९०८ कोरलेलं होतं. समितीच्या अध्यक्ष होल्ट्झबाई तशा वाईट नव्हत्या.

"मिसेस टिबेट्स, मला पटत नाही का? पण दगडावर काय लिहिलंय बघा ना. सोमवारपर्यंत दुसरं काही दाखवा, नाहीतर मी तरी काय करणार?"

दाखवणार काय, कपाळ! अर्लीननं शनिवारी शेवटचा नाच ठरवला. हॉल जाणारच असेल, तर रडत कशाला जाऊ द्यायचा?

शनिवारी दुपारी ती मोठं पातेलंभर लाल राजमा घेऊन आली आणि बाजूच्या कण्हेरीपाशी ठेचकाळली. तिथं कण्हेरीच्या ओळीत लोखंडी भाले जमिनीतून वीतभर वर आलेले होते. कोणी म्हणे चिखलाचे बूट खरवडायला ठेवलेत, कोणी म्हणे फुलझाडांची कड आहे. ते कापून टाक म्हणून अर्लीन कित्येक वर्षं दिराच्या, क्लीओफसच्या, मागे लागली होती. दीर म्हणजे आळसाचा पुतळा.

"क्लीओ! आजसुद्धा पडले असते मी. हॉल पडायच्या आधी तरी कापशील का ते?"

"आज कापतोच, वहिनी. एवढा टायर बदलू दे."

"तुझा आज काही या जन्मी उजाडत नाही."

क्लीओफसच्या जुन्या ट्रकचा टायर बसला होता. मागच्या फळीवर भाजलेल्या सॉसेजची परात, आणि हा पठ्ठ्या खाली ओणवा होऊन जॅक फिरवत बसलेला. आत हॉलमध्ये ड्रमवाला ड्रम ठोकून बघत होता. धम्म. क्लीओफसनं जॅकचा दांडा पाव फेरा फिरवला आणि थांबला. धम्म. पुन्हा पाव फेरा. सवयच ती, त्याला काही पत्ताही नव्हता.

अर्लीनच्या हातातलं पातेलं तिथल्या तिथं खाली आलं.

या हॉलमध्ये नाचाआधी एक गोष्ट ठरलेली असे. ड्रमचा ठोका पडला की सगळ्यांनी कमरेत वाकायचं, मुठीत काहीतरी धरल्यासारखं करून ते पाव फेरा फिरवायचं, आणि थांबायचं. मग दुसरा ठोका. असे चार ठोके झाले की गाणं सुरू. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. लूशस म्हणायचा, वाडवडलांना नमस्कार आहे तो. अर्लीननं स्वतः गावातल्या दोन पिढ्यांच्या पोरांना ते शिकवलं होतं, चुकलं की कान पिळून.

"क्लीओ, परत कर बघू."

"काय परत करू? टायर?"

"अरे जॅक फिरव, जॅक! हा आपला नाच आहे."

क्लीओफसनं दांड्याकडे बघितलं, मग हॉलकडे.

वादळानंतर, समुद्र पुन्हा आत येऊ नये म्हणून, अख्खं गाव वर उचललं होतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. घरांखाली जॅक लावायचे, ड्रमच्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम पाव फेरा फिरवायचा, नाहीतर घर एका अंगाला कलायचं. मग खालून समुद्राची ओली वाळू भरायची. पण हॉल त्यानंतरचा, असं सगळे धरून चालले होते. दगडावरच तसं लिहिलेलं ना!

"उचलायचा म्हणजे तो आधी असायला हवा की नाही?" अर्लीन म्हणाली. "नवा बांधला असता तर जॅक कशाला फिरवले असते? आठ साली उचलून झाला, तेव्हा त्यांनी नवा दगड बसवला."

"वहिनी, म्हणजे तेव्हाची जमीनही खाली होती."

दोघांची नजर एकदमच त्या भाल्यांवर गेली.

"कुंपण आहे ते," क्लीओफस हळूच म्हणाला. "टोकं तेवढी वर राहिली."

"आणि मी मेली तुला ती कापायला सांगत होते!"

मग कसला नाच आणि कसलं काय. नाचाचे कपडे घालून आलेल्या माणसांनी कोट काढले, फावडी आणली. सॉसेज थंडगार झाले, बायकांनी ते खणणाऱ्यांच्या तोंडात भरवले. रविवारी चर्च सुटल्यावर पुन्हा खणणं, थेट हॉलच्या पायापर्यंत. भाले खाली जातच राहिले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. आणि शेवटी फाटक लागलं. गंजलेलं, पण अंगानं धडधाकट. त्याच्या मधल्या पट्टीवर ओतीव अक्षरांत हॉलचं नाव होतं आणि खाली साल, १८८९. अर्लीननं त्या आकड्यांवरची वाळू रुमालानं पुसली आणि घळाघळा रडली. लूशसला हे दाखवायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

सोमवारी होल्ट्झबाई आल्या. त्यांनी फाटक बघितलं आणि म्हणाल्या, "फाटक जुनं, कबूल. पण हॉल हाच कशावरून?"

"उतरा खाली," अर्लीन म्हणाली. "मी हात देते."

बाई चपला काढून खड्ड्यात उतरल्या आणि बॅटरी घेऊन हॉलखाली वाकल्या. जुना विटांचा पाया जागच्या जागी होता. त्याच्यावर नवे खांब, खांबांवर हॉलची जुनी तुळई, आणि तुळईच्या खालच्या अंगाला जॅकच्या डोक्यांचे गोल वण, ओळीनं. बाई वर आल्या तेव्हा केसांत कोळिष्टकं होती.

"वादळाआधीचा," त्या म्हणाल्या. "याला आता कोणी हात लावणार नाही. मीही नाही."

गल्लीत असा जल्लोष झाला की बंदरावरच्या बोटींना ऐकू गेला असेल. अर्लीनला फाटकातून आत जायचं होतं, पण बिजागऱ्या गच्च धरल्या होत्या. क्लीओफसनं तेल ओतलं, चार जणांनी खांदे लावले. फाटक हलेना.

"असं नाही," अर्लीन म्हणाली. "ड्रम आणा."

धम्म. सगळे वाकले, ढकललं, थांबले. फाटक बोटभर सरकलं. धम्म. वीतभर. होल्ट्झबाईसुद्धा अनवाणी ढकलत होत्या. चौथ्या ठोक्याला कर्रकन फाटक उघडलं आणि अर्लीन सगळ्यांच्या पुढे, मान ताठ करून, आजोबांच्या वाटेनं आत गेली.

हॉलच्या भिंतीला हात टेकवून ती मागे वळली. "क्लीओ, इकडे ये."

"काय वहिनी?"

"इथून पुढे एक जरी काम वेळेवर केलंस, तर गाठ माझ्याशी आहे."