पंधरापर्यंत सगळी नावं

धाकटीचा पेपर सकाळी नापास होऊन परत आला आणि दुपारी घरात त्याचा आनंदीआनंद झाला. ऐकायला उलटं वाटेल, पण झालं ते असंच.

पेपर म्हणजे तिचा पहिला शोधनिबंध. अतिथंड स्फटिकाला कणभर उष्णता दिली तर तो किती तापतो, यावर तिनं उमेदीची वर्षं घातली होती. नावाजलेल्या जर्नलच्या संपादकानं 'काम चांगलं आहे, पण आमच्यासाठी नाही' असं गोड बोलून तिला वाटेला लावलं. ती तोंड पाडून बसली असताना तिच्या गाईडचा फोन आला. सरांनी दुसऱ्या जर्नलचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, "फक्त रेफरन्स त्यांच्या पद्धतीनं करून घे. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

अर्ध्या दिवसाचं! ज्यांनी हे काम स्वतःच्या हातानं करणं कधीच सोडून दिलंय, त्यांनाच ते अर्ध्या दिवसाचं वाटतं. आपण कुणाकुणाच्या कामाचा आधार घेतला, त्याची यादी पेपराच्या शेवटी द्यावी लागते. एका जर्नलला वर्ष कंसात हवं, दुसऱ्याला बिनकंसाचं. एकाला खंडाचा आकडा ठळक, एकाला तिरपा. स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर स्फटिकाला त्याचं सोयरसुतक नसतं, संपादक मात्र तापतात. त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, बटण दाबलं की झालं, असंही लोक सांगतात. धाकटीनं बटण दाबलं, तर सरांचं आडनाव नावाच्या जागी गेलं आणि निम्म्या यादीतले पानांचे आकडे गायब झाले.

मग ती कपाळाला हात लावून नियम वाचायला बसली. वाचता वाचता एका ओळीशी थबकली. 'लेखक पंधरापर्यंत असल्यास सर्वांची नावे द्यावीत.'

"आई!" ती ओरडली. "इकडे ये आधी!"

आई पिठाचे हात घेऊनच आली, कारण असं ओरडणं म्हणजे एक तर पाल नाही तर नोकरी. धाकटीनं ओळ वाचून दाखवली. आईला एरवी यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण हे लगेच कळलं. "अगोबाई! म्हणजे ह्यांचं नाव येणार?"

'हे' म्हणजे धाकटीचे बाबा. जन्मभर एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. अतिथंड भांड्यात तारांवाटे बाहेरची उष्णता किती शिरते, ते त्यांच्या गटानं एकदा मोजलं आणि त्यावर पेपर निघाला. सहा लेखक, बाबा पाचवे. पुढे त्या पेपराचा आधार कितीतरी जणांनी घेतला, पण जागा वाचवायला प्रत्येकानं पहिल्या शास्त्रज्ञाचं नाव छापलं आणि पुढे 'आणि इतर'. बाबा हौसेनं लायब्ररीत जाऊन याद्या उघडायचे आणि घरी येऊन हसत सांगायचे, "आज पुन्हा इतर!" तेव्हापासून घरात त्यांचं नावच 'इतर' पडलं होतं. "इतरांना चहा हवाय का?" असं आई विचारायची. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे, पण त्यांना वाईट वाटायचं. धाकटीला ते लहानपणापासून माहीत होतं.

छापून येईपर्यंत बाबांना काही सांगायचं नाही, असं मायलेकींचं ठरलं. बाबा बाहेरून आले, चप्पल काढायला वाकले, आणि आईनं तिथेच सगळं सांगून टाकलं.

बाबा खुश होतील असं वाटलं होतं. ते एकदम गंभीर झाले. "माझ्यासाठी म्हणून घुसडलायस का तो पेपर?"

"नाही हो बाबा."

"नसेल लागत तर काढ. उपकाराचं नाव मला नको."

धाकटीला राग आला आणि बरंही वाटलं. तिनं स्वतःचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. "माझ्या स्फटिकाची उष्णता मोजायची, तर तारांवाटे आलेली वजा करावी लागते. ती किती, ते तुमच्या पेपरातून घेतलंय. तो काढला तर माझा आकडाच उभा राहत नाही."

बाबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत तपासला. एक वजाबाकी स्वतः करून पाहिली. मग म्हणाले, "मग राहू दे," आणि उगाचच नळाचा वॉशर बदलायला गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी यादी पाहिली. या जर्नलची मर्यादा चाळीस रेफरन्सची होती आणि यादी एकानं वर जात होती. सरांचं पेन नेमकं बाबांच्या ओळीवर जाऊन टेकलं. "हा काढू या. तीच संख्या नंतर निघालेल्या एका पुस्तकात आहे."

सरांपुढे धाकटी कधी जास्त बोलत नसे. पण त्या दिवशी बोलली. "सर, पुस्तकानं ती संख्या ह्यांच्याकडूनच घेतलीय. मोजली ह्यांनी. श्रेय मोजणाऱ्यांना द्यायला हवं ना?"

"बरोबर आहे. पण मग काढायचा कुठला?"

धाकटी नुसती यादीकडे बघत राहिली. यादीत सरांचे स्वतःचेच नऊ पेपर होते. सरांनीही ते एकेक करून पाहिले, घसा खाकरला, आणि आपल्या एका जुन्या पेपरावर काट मारली. "हा तसाही जेमतेमच होता," ते म्हणाले. माणूस दिलदार खरा.

पेपर स्वीकारला गेला. प्रूफ आलं, तेव्हा बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. धाकटीनं लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी हात पुसले, चष्मा लावला आणि ओळ बोट ठेवून वाचायला घेतली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं त्यांचं स्वतःचं. तिथे थांबतील म्हणून मायलेकी बघत उभ्या होत्या. बाबा थांबले नाहीत. पुढच्या, शेवटच्या नावावर गेले आणि तिथे बोट थांबलं.

"अगं, हा पण आहे की!"

"कोण हा?"

"आमचा काचवाला. ते दुहेरी काचेचं भांडं ह्यानं फुंकून बनवलं होतं. त्याच्याशिवाय कसला पेपर नि कसलं काय!"

धाकटी चपापली. ते नाव तिनं स्वतः टाइप केलं होतं, एकेक अक्षर ताडून पाहिलं होतं, पण हा माणूस कोण, हे तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

बाबांनी तोवर फोन लावला होता. "झोपलायस काय? ऊठ. आपण छापून आलोय! अरे, माझ्या लेकीच्या पेपरात. नाही, नाही, सगळी नावं, तुझंसुद्धा. खोटं कशाला सांगू? थांब, वाचून दाखवतो."

त्यांनी सहाच्या सहा नावं वाचली, मधले स्वल्पविरामसुद्धा म्हणून. पलीकडे सगळं शांत झालं. इतकं, की बाबांनी फोन कानापासून काढून पाहिला आणि मग स्पीकरवर टाकला.

"लागलाय ना रे?"

"लागलाय," पलीकडून आवाज आला. "परत वाच. पहिल्यापासून. थांब जरा, हिला बोलावतो."