धांदरटपणाची वंशावळ

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पेशीशास्त्र आणि आनुवंशिकी असा एकच पेपर असतो आणि तो भल्याभल्यांना घाम फोडतो. मला फोडत नव्हता. पेशीविभाजनाच्या पायऱ्या मला झोपेतून उठवून विचारल्या तरी मी धडाधड सांगायचे आणि त्याचा तोराही मिरवायचे. वर्गातली पोरं मला पंडित म्हणायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा मॅडमनी जर्नलसाठी शेवटचं काम दिलं. स्वतःच्या घराण्याची वंशावळ काढायची. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. एखादा गुण निवडायचा आणि ज्याच्यात तो असेल त्याची आकृती काळी करायची. बाकीच्यांनी गालावरची खळी आणि कुरळे केस वाटून घेतले. आमच्याकडे खळी औषधालाही सापडत नाही. मी गंमत म्हणून वर लिहिलं, ‘गुण : धांदरटपणा’.

कारण तो आमच्याकडे रग्गड. बाबांच्या घराण्यातली माणसं चाळिशी उलटली की हातातल्या वस्तू पाडायला लागतात, यावर आमच्या घरी आजवर मनसोक्त चेष्टा झाली आहे. थोरल्या काकांना तर सगळे भूकंपकाका म्हणायचे. बाबा तेवढे त्यातून सुटले होते. ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतात. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल आहे, त्यावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या आणि स्पिरिटचा दिवा. गुलाबी मेणात एकेक दात बसवताना ते श्वाससुद्धा जपून घेतात. धांदरट माणसाचं ते काम नव्हे.

माहिती गोळा करायला मी रविवारी दुपारी आत्याकडे गेले. आत्या बाबांची मोठी बहीण, साठीला टेकलेली. आधी ती पोट धरून हसली.

“लिही, लिही! भूकंपकाकाने भर मंडपात पाण्याचं पिंप आडवं केलं होतं, तेही लिही.”

“आणि आजोबा? ते प्यायचे, म्हणून पडायचे ना?”

आत्याचं हसू ओसरलं. ती उठली, पंखा कमी केला, पुन्हा बसली.

“आमचे बाबा कधी थेंबालाही शिवले नाहीत.”

“मग सगळे म्हणतात ते?”

“आम्हीच म्हणू दिलं. चालताना झोकांड्या जायच्या त्यांच्या. बसल्या जागी हात उडायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं. शेवटी आम्हाला ओळखेनासे झाले. त्यांच्या बहिणीचंही तेच झालं होतं. लोक म्हणाले, म्हातारा पितो. आई म्हणाली, म्हणू देत. अगं, बेवड्याच्या पोरींची लग्नं होतात. वेड्याच्या पोरीला कोण विचारतं?”

“आणि काका?”

“तसाच गेला. एक्कावन्नाव्या वर्षी.” तिने स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पाहिले. ते स्थिर होते. “मी रोज सकाळी बघते,” ती म्हणाली.

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तक्ता मात्र झकास झाला. आजोबा काळे, त्यांची बहीण काळी, काका काळे. आत्या कोरी, बाबा कोरे. खाली आम्ही दोघी, ताई आणि मी, कोरी वर्तुळं.

सोमवारी मॅडम प्रयोगशाळेत जर्नलं तपासत होत्या. शीर्षक वाचून त्या हसल्या. मग त्यांचं पेन आजोबांवरून काकांवर आलं आणि तिथेच थांबलं.

“ही माणसं शेवटी कशी होती?”

मी आत्याचं सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच.

“वडिलांचं वय काय तुझ्या?”

“सत्तेचाळीस.”

मॅडमनी जर्नल मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. “हे पान काढून टाक. खळीचा तक्ता काढून आण, मी आजचीच तारीख घालते. आणि वडिलांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.” एवढं बोलून त्या पुढच्या मुलीचं जर्नल तपासायला लागल्या. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

जर्नल उचलून मी तडक बाहेर पडले. ग्रंथालयात जाऊन माझं पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलं नाही. हंटिंग्टनचा आजार, चार मार्कांची टीप, हिरव्या पेनाने मीच अधोरेखित केलेली. आईबापांपैकी एकाकडून बिघडलेला जनुक आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर, म्हणजे मुलं होऊन गेल्यावर. वडिलांकडून आला तर पुढच्या पिढीत आणखी लवकर. इलाज नाही. हे सगळं मला शब्दन् शब्द पाठ होतं आणि त्यात आमच्या घरची माणसं मला एकदाही दिसली नव्हती. माझी मलाच चीड आली.

सगळं आता बाबांच्या एका चौकोनावर येऊन ठेपलं होतं. तो कोरा राहिला तर ताई आणि मी सुटलो. काळा झाला तर आम्हा दोघींचं काही खरं नव्हतं, आणि ताईला पाचवा महिना लागला होता.

चार वाजता घरी आले. आई शाळेत शिकवायला गेलेली. बाबा टेबलाशी पाठमोरे बसले होते. मी दारातच थांबले. टेबलाच्या कडेला एक चामडी पट्टा ठोकलेला असतो. मला वाटायचं, तो अवजारं अडकवायला आहे. बाबांनी उजवं मनगट त्यात घातलं, डाव्या हाताने पट्टा आवळला आणि मग चिमट्यात दात धरला. तरी बोट उडालं. दात टणकन जमिनीवर पडला. बाबांनी पेटीतून दुसरा घेतला. जमिनीवर आधीचे पाच-सहा पडलेले होते.

“कधीपासून?” मी विचारलं.

ते दचकले नाहीत. “तीन वर्षं झाली.”

“हे काय आहे, माहीत आहे तुम्हाला?”

“नाव माहीत नाही. बापाला आणि भावाला बघितलंय.”

मी नाव सांगितलं. तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आमच्या वर्तुळांवर बोट ठेवलं. “आणि तुम्ही दोघी?”

“निम्मी शक्यता. ताईला असेल तर तिच्या बाळालाही निम्मी.”

त्यांनी डाव्या हाताने दातांची पेटी मिटली. मग म्हणाले, “आधी म्हटलं, ताईचं लग्न पार पडू दे. मग म्हटलं, तुझी बारावी होऊ दे. मग तिच्याकडे गोड बातमी आली.”

“ती यायच्या आधी सांगायचं होतं! तिला तपासून घेता आलं असतं. निदान विचार तरी करता आला असता!”

“हो,” बाबा म्हणाले.

त्या नुसत्या ‘हो’ने माझं डोकंच फिरलं. भित्रे आहात तुम्ही, मी म्हणाले, तुमचं सगळं घराणंच भित्रं आहे. त्यांनी मान खाली घातली. “आज सांगायचं तिला,” मी म्हणाले. “आत्ताच.”

“तू सांग. माझ्याने होत नाही.”

मी फोन हातात घेतला, तेवढ्यात तो वाजला. ताईच होती, अगदी खुशीत.

“अगं, दवाखान्यात बसलेय. बाळ काल पहिल्यांदा हललं, तुला सांगायलाच विसरले! बरं, पटकन सांग, इथे फॉर्म भरायचाय. घराण्यात कुठला आजार, असं विचारलंय. बाबांच्या बाजूचं काय लिहू? तू तर त्यातली पंडित.”

बाबा माझ्याकडे बघत होते. पट्ट्यातला हात हलत होता.

“ऐकतेयस ना? नर्स समोर उभी आहे.”

“ऐकतेय.”

“मग? काय लिहू?”

“काही नाही,” मी म्हणाले. “तसंच लिही. माझी परीक्षा होऊ दे, मग येते तुझ्याकडे.”