रिकामी दोरी

आमच्या घरात शिस्त माझी. चोवीस वर्षं गणित शिकवतेय मी, त्यामुळं कुणाची चूक दिसली की बोलून दाखवल्याशिवाय मला घास उतरत नाही. दर रविवारी सकाळी सावंगीच्या शेतात आम्ही बाण मारायला जमतो, तिथंही नियम सांगायचं काम आपोआप माझ्याकडंच आलं.

जमणारे आम्ही पाचच. माझे सासरे कडूबा, म्हणजे आबा, माझा नवरा शिवराज, कॉलेजात जाणारी आमची श्रेया, मी, आणि माझ्याच शाळेत मराठी शिकवणारी माझी मैत्रीण करुणा. बांबूचे कमठे, म्हणजे धनुष्यं, आबा स्वतः करतात. तरुणपणी सोयगावच्या डोंगरात कामाला होते, तेव्हा एका भिल्ल म्हाताऱ्याकडून ते कमठा करायला शिकले. आम्ही गारखेड्याहून डबे घेऊन निघतो, मक्याच्या बांधाला कडब्याच्या पेंढ्या रचतो, त्यावर पोतं बांधतो आणि ऊन चढेपर्यंत बाण मारतो. ना स्पर्धा, ना बक्षीस. आठवड्याची सगळी कटकट त्या दोरीबरोबर सुटून जाते, एवढंच.

आबांना डावा डोळा नाही. तो तिशीतच एका कमठ्यानं नेला. "नेम धरताना मला डोळा मिटायचं कामच नाय," असं म्हणून ते हसतात. पण नवीन माणूस आला की आधी तो डोळा दाखवतात आणि मग एकच नियम सांगतात. रिकामी दोरी सोडायची नाय. बाण लावलेला असला की ताणलेला जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तोच जोर बांबूत परत शिरतो आणि आतले धागे तुटतात. वरून काही दिसत नाही. पुढं कधीतरी तो कमठा पूर्ण ताणलेला असताना फुटतो, आणि तेव्हा माणसाचं तोंड त्याच्या समोरच असतं.

म्हणून दर रविवारी पहिला बाण सुटायच्या आधी आबा प्रत्येक कमठ्यावरून कापसाचा बोळा फिरवतात. बांबूला बारीक चीर असली तर कापसाचा धागा अडकतो. धागा अडकला की कमठा चुलीत.

मागच्या वर्षी करुणाच्या हातून रिकामी दोरी सुटली. फोन वाजला, ती दचकली, बाण खाली पडला आणि दोरी सुटली. तिनं लगेच सांगितलं. आबा काही बोलले नाहीत, पण मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. ज्याला दुसऱ्याच्या डोळ्याची किंमत नाही त्यानं कमठ्याला हात लावू नये, असं म्हणाले मी. वर शिक्षाही मीच ठरवली: पुढच्या दसऱ्यापर्यंत करुणानं फक्त बाण वेचायचे. शिवराज म्हणाला, अगं जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही. कमठा चुलीत गेला आणि करुणा वर्षभर, एकही रविवार न चुकवता, पोत्यातून आमचे बाण उपसून आणून देत राहिली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता सांगायचं आहे ते माझं आहे.

खंडेनवमीच्या सकाळी पूजेसाठी मी कमठ्यांना तेल लावत होते. शिवराज अंघोळीला गेला होता, श्रेया झोपलेली. माझा कमठा हातात होता आणि समोर कपाटाचा आरसा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. दोरी चढवली, पदर खोचला आणि ताणून आरशात बघितलं. छान दिसत होते. आणखी थोडी ताणली. बोटं तेलकट होती.

दोरी सुटली. आवाज मोठा नव्हता. सुपारी फुटावी तेवढाच.

शिवराजनं आतून विचारलं, काय पडलं? मी म्हणाले, डब्याचं झाकण. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. मग देवघरातला वातींचा कापूस आणला आणि बांबूवरून फिरवला. एका जागी, मुठीच्या वर चार बोटांवर, एकच धागा राहिला. मी तो नखानं काढला. तेलामुळं चिकटला असेल, असं स्वतःला समजावलं. परत फिरवायचं धाडस झालं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मीच वर्गात कितीदा तरी ऐकवलेली.

थोड्या वेळानं शिवराजनं पूजा मांडली. माझ्या कमठ्याला त्यानं हळद लावली आणि वर कुंकवाचे पाच पट्टे ओढले. एक पट्टा नेमका त्या जागेवर बसला.

अर्धी रात्र मी हिशोब मांडत होते. सांगावं, तर करुणासमोर कुठल्या तोंडानं सांगायचं? उद्या तिची शिक्षा संपणार, आणि उद्याच मी म्हणायचं की बाई, तुझाच गुन्हा मी केला, तोही आरशापुढं मिरवताना? आणि मुळात कमठा चिरलाय हे तरी कुठं नक्की होतं? रविवारी आबा कापूस फिरवतील, धागा अडकला तर अडकला, म्हातारा झाला बांबू, असं म्हणता येईल. पण दसऱ्याला आबा कापूस फिरवत नाहीत. पूजेचं कुंकू सोनं लुटेपर्यंत पुसायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज. हे मला माहीत होतं. खांदा दुखतोय म्हणून सांगायचं आणि कमठा गाडीतच ठेवायचा, असं ठरवून मी झोपले.

दसऱ्याला करुणा उशिरा आली. तिचा तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी बुद्ध लेणीवर वंदना करून, तशीच पांढऱ्या कपड्यांत स्कूटीवर सावंगीला आली होती. चेहरा धुतल्यासारखा शांत. मला म्हणाली, "मंजू, संपलं बरं का माझं वर्ष." आणि हसली.

मी खांद्याचं सांगितलं. त्यानं सगळाच घोळ झाला. दसऱ्याला जसं आपट्याचं सोनं देतात तसा आमच्यात त्या दिवशी कमठा देतात. आपला कमठा दुसऱ्याच्या हाती द्यायचा, त्यानं तीन बाण मारायचे आणि पुढच्याला द्यायचा. देणाऱ्यानं बाण मोठ्यानं मोजायचे. श्रेयानं गाडीतून माझा कमठा आणला होता, तो आबांनी माझ्या हातात ठेवला.

"खांदा दुखतोय तर तू मारू नको. पण द्यायला काय जातंय? करुणाला दे. वरीसभर वेचलेत तिनं, तुझ्या हातूनच मिळू दे."

सगळे माझ्याकडं बघत होते. करुणानं दोन्ही हात पुढं केले. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी कमठा दिला.

ती उभी राहिली. वर्षभर ताणला नव्हता तरी तिची पावलं बरोबर पडली. हवा पडली होती, मक्याचं पानही हलत नव्हतं. तिनं बाण लावला, दोरी गालापर्यंत आणली. मी बांबूकडं बघत होते, त्या कुंकवाच्या पट्ट्याकडं. बारीक आवाज आला, किंवा मला आला. बाण सुटला आणि पोत्यात रुतला.

"एक," मी म्हणाले.

आबांनी मान तिरपी केली, जसं लांबचं काही ऐकत असावेत. मग शिवराजनं शाबास म्हटलं आणि ते विसरले. करुणानं दुसरा बाण लावला. मनातल्या मनात मी सगळ्या देवांना हाका मारत होते. एवढा जाऊ दे, एवढा जाऊ दे. म्हणजे मला पुरतं माहीत होतं. माहीत नव्हतं असं आता म्हणता येणार नाही.

"दोन."

तिसऱ्याला ती थांबली. नेम धरून बराच वेळ ताणून उभी राहिली. बांबू वाकलेला, दोरी तिच्या गालाला, डोळा उघडा. कुंकवाच्या पट्ट्यात मला एक काळी रेघ दिसली. आधी नव्हती ती. तरी मी तोंड उघडलं नाही. बाण सुटला. अगदी मधोमध बसला.

"तीन," मी म्हणाले. सुटले, असं वाटलं. करुणाच्या पांढऱ्या बाहीला मनगटाशी कुंकू लागलं होतं. ती ते झटकत हसत होती. तिनं कमठा पुढच्याला दिला.

पुढची श्रेया होती.

श्रेयाचे हात माझ्यापेक्षा लांब. माझा कमठा ती नेहमीच जास्त ताणते, त्यावरून आमची भांडणं होतात. तिनं बाण लावला, कोपर मागं जायला लागलं, आणि मी किंचाळले.

"श्रेया, ताणू नको! बाण तसाच ठेव, हळू पुढं आण. हळू. माझ्या हातून रिकामी दोरी सुटलीय त्याची. काल."

श्रेयानं दोरी इंच इंच पुढं आणली. आबांनी तिच्या हातातून कमठा घेतला, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं. बांधापलीकडच्या पऱ्हाटीचं एक बोंड तोडून कापूस फिरवला. एकदा मुठीच्या वर अडकला, पुढं आणखी दोनदा. मग त्यांनी कमठा गुडघ्यावर ठेवून दोन्ही टोकं जराशी दाबली. त्या एवढ्याशा जोरानंच तो फुटला. एक कपची उडून शिवराजच्या पायाशी पडली, बोटाएवढी, सुईसारख्या टोकाची.

आबांनी ती उचलून बघितली. त्यांचा चांगला डोळा माझ्यावर नव्हता, करुणावर होता.

मी घाईघाईनं बोलायला लागले. मला नक्की नव्हतं माहीत, तेलामुळं वाटलं, मी पण वर्षभर बाण वेचीन, दोन वर्षं वेचीन. करुणानं मला बोलू दिलं. ती पोत्यापाशी गेली आणि आपले तिन्ही बाण एकेक करून, वर्षभर काढायची तसेच, मुळाशी धरून उपसले. परत येऊन माझ्या हातात दिले.

"मी तीन बाण मारले, मंजू," ती म्हणाली. "तू मोजत होतीस."

आवाज चढलेला नव्हता. वर्गात पोरांना धडा समजावताना असतो तसाच होता. मग तिनं स्कूटी काढली. आपट्याची पानं तिच्या पर्समध्ये तशीच राहिली असावीत, कारण आम्हाला कुणाला सोनं द्यायला ती थांबली नाही.

आता रविवारी मी बाण वेचते. कुणी सांगितलं नाही, मीच. श्रेया माझ्याशी नीट बोलते, शिवराजही. शाळेत स्टाफरूममध्ये करुणाची खुर्ची माझ्या शेजारीच आहे. ती नमस्कार करते, वेळापत्रकाचं विचारते. परवा मी तिला म्हणाले, आबांनी तुझ्यासाठी नवा कमठा केलाय, एकदा ये. तिनं वही तपासता तपासता विचारलं, "त्याच्यावर कापूस कुणी फिरवला?"

आबांनी, मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पुढची वही घेतली.