उस्तादांची हाक

मला बाजा आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कोणी म्हणायला नको, की बाई नवऱ्याच्या कौतुकानं बोलतेय. पलटणीतून पेन्शन घेऊन आमचे हे कल्याणला आले, रेल्वेच्या इंजिनशेडात खलाशांवर मुकादम झाले, तेव्हा मी देवापुढे नारळ वाढवला होता. म्हटलं, सुटले एकदाची. आता कूच नाही, मुक्काम नाही, आणि पहाटे कानाशी बोंबलणारा तो बिगूल तर नाहीच नाही.

वर्ष झालं नाही तोच एका रविवारी हे तीन पोचे पडलेले बिगूल आणि एक फाटका ढोल घेऊन दारात उभे. कुठल्याशा छावणीच्या लिलावातला माल.

"हे काय आणलंत?"

"बाजा काढतोय. पलटणीसारखा. रांगेत चालणारा."

"आणि वाजवणार कोण?"

"शेडातली माणसं."

मी कपाळावर हात मारला. शेडातली माणसं म्हणजे कोण? तर धाकू सांधेवाला, रुळांचे सांधे बदलणारा, ज्याला नातू झाला होता. भिवा, जो इंजिनात कोळसा टाकून टाकून खोकत असायचा. दौलत, तो त्यातल्या त्यात तरुण, पण त्यालाही टक्कल पडायला लागलेलं. असे दहा-बारा बाप्ये, मिशा पिकलेले, पोरंबाळं असलेले. ह्या वयात गाल फुगवून पों पों करायला निघाले! बायका मला नळावर गाठून विचारायच्या, "काय गं, तुझ्या नवऱ्यानं आमच्या नवऱ्यांना कसलं खूळ लावलंय?" मी काय सांगणार, माझंच खूळ घरात होतं.

पहिली खोट कुठे आली म्हणाल, तर उष्ट्यात. बिगूल तीन, तोंडं बारा. एकानं फुंकलेला बिगूल दुसरा तोंडाला लावेना. जात आडवी आली, आणि जिथे जात एक तिथे विटाळाऐवजी किळस आडवी आली. बाजा तिथेच मोडायचा. पण हे गप्प बसणारे नव्हते. तांबटाकडून प्रत्येकाला फुंकायची वाटी वेगळी करून घेतली, दोऱ्यात ओवली आणि ज्याची त्याच्या गळ्यात बांधली. पाळी आली की आपली वाटी बिगुलाला लावायची, वाजवून झालं की काढायची. शेडातनं येणाऱ्या माणसाच्या गळ्यात ती पितळेची वाटी दिसली, की लोक ओळखायचे, हा उस्तादांचा माणूस. उस्ताद म्हणजे आमचे हे. त्या दिवसापासून त्यांना नावानं हाक मारणारं कोणी राहिलंच नाही.

हळूहळू बिगूल वाढले, ढोल वाढले. ह्यांनी प्रत्येकाला एकेक हाक बांधून दिली. बिगुलात सूर असतात किती, चार नाहीतर पाच. तेवढ्यातच प्रत्येकाची हाक वेगळी. संध्याकाळी शेडामागच्या माळावर सगळे रांगेत उभे राहायचे आणि आपापली हाक वाजवून हजेरी द्यायचे. हे समोरून तीच हाक परत वाजवायचे. उत्तर मिळेपर्यंत थांबायचं नाही, असा कायदा. आणि दुसरा कायदा ह्याहून तऱ्हेवाईक. एखादा पाळीवर असला, आला नाही, तर त्याच्या शेजारच्यानं स्वतःची हाक देऊन झाली की एक पाऊल सरकायचं आणि त्याची हाक द्यायची.

मी एकदा चिडून म्हटलं, "आलेलाच नाही त्याची हजेरी लावता? ही कुठली शिस्त?"

"रांगेत जागा मोकळी ठेवायची नाही," हे म्हणाले. "एक जागा मोकळी दिसली की पुढचा माणूस घाबरतो. तिथनं रांग फाटते."

"गोळ्या सुटतायत का इथे, रांग फाटायला?"

ह्यावर नुसते हसले. हसले की मला पुढे भांडता यायचं नाही.

ह्यांची स्वतःची हाक खालून वर चढायची आणि वर जाऊन लांबपर्यंत तशीच धरलेली राहायची. दम मोठा होता ना! शेडातून निघाले की रुळांपलीकडून ती वाजवायचे. म्हणजे तवा टाक. सगळ्या चाळीला ठाऊक. शेजारची विमलाबाई ओरडायची, "अगं, टाक तवा, आली तुझी हाक!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण तवा टाकायचे. भाकरी फुगायला आणि हे दारात यायला एकच गाठ पडायची.

मग ठाण्याची सुपारी आली. नौपाड्यात कोणा वकिलाच्या घरचं लग्न, वरातीला पलटणीसारखा बाजा हवा म्हणून निरोप आला. बायकांनाही नेलं. मी नाकं मुरडतच गेले. लाल पट्ट्यांचे सदरे घालून, पुढे ढोल मागे बिगूल अशी आमची माणसं त्या रस्त्यावरून चालली. धाकूची पाठ कधी नव्हे ती सरळ झालेली, भिवा खोकायचं विसरलेला. दोन्हीकडच्या ओट्यांवर लोक उभे राहिले. शेडात ज्यांना कोणी अरे-तुरेशिवाय बोललं नाही, त्यांच्यासाठी वकिलाच्या घरची माणसं बाजूला सरली हो! हे सगळ्यांच्या पुढे, मान ताठ. मला भर रस्त्यात रडू आलं. त्या दिवशी मला बाजा आवडला. झालं, हेही सांगून टाकलं.

पुढच्या वर्षी मुंबईत गाठीचा ताप आला आणि रुळांवरून कल्याणात उतरला. लग्नं राहिली, वराती राहिल्या. लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधायला लागले. मी म्हटलं, आता तरी तो माळ सोडा. तर हे म्हणतात, "आत्ता सोडलं तर माणसं बसतील घरात भिऊन." माळावर हजेरी चालूच. आणि तिथेच एका संध्याकाळी भिवा हाक देता देता खाली बसला. काखेत गाठ. तपासणीवाले गोरे शिपाई आले. भिवाला दवाखान्यात नेलं, आणि त्याच्या रांगेत जेवढे उभे होते तेवढे सगळे, आमचे हे, धाकू, बाकीचे, आहेत तसे, हातातल्या बिगुलांसकट शहाडच्या अंगाला नदीकाठच्या छावणीत नेऊन टाकले. दौलत आणि आणखी दोघे त्या वेळी पाळीवर होते, म्हणून तेवढे बाहेर राहिले.

मला कळलं तेव्हा चुलीवर तवा होता. तशीच धावत गेले. छावणीला काटेरी कुंपण, बाहेर चर खणलेला, चराच्या अलीकडेच बंदूकवाला. चर ओलांडू देईना. माणूस दिसेना, विचारायची सोय नाही, त्याची भाषा आपल्याला येत नाही, आपली त्याला. एका दगडाकडे त्यानं बोट दाखवलं. भाकरी तिथे ठेवायची आणि मागे फिरायचं.

मी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही चराशी बसून रडत होते. दिवस कलायला लागला आणि आतून हाका सुरू झाल्या. एकेक करून. धाकूची आली. दौलत माझ्यामागे उभा होता, त्यानं बिगूल काढला आणि तीच परत दिली. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. शेवटी खालून वर चढणारी, वर जाऊन धरलेली ह्यांची. दौलतनं उत्तर दिलं. मी डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हटलं, "हो हो, ऐकलं!" तो बंदूकवाला माझ्याकडे बघत राहिला.

मग रोजचंच झालं. भाकरी आणि लसणीची चटणी दगडावर ठेवायची आणि हाकेची वाट बघायची. एकेक हाक गळायला लागली. ज्याची गळायची त्याची बायको चराशी लोळण घ्यायची, आणि मी तिला धरायचे. धरताना माझं काळीज आपलं शेवटच्या हाकेकडे. ती यायची. रोज यायची. फक्त एका दिवसापासून ती वर गेल्यावर थरथरायला लागली, शेवटी तुटायला लागली.

"दम गेलाय रे त्यांचा," मी दौलतला म्हटलं.

"ताप येऊन गेला असेल, वहिनी. पण वाजवतायत ना?"

वाजवत होते. मी दुसऱ्या दिवसापासून कुळथाचं कढण न्यायला लागले, अंगात ताकद यावी म्हणून. भांडं सकाळी रिकामं मिळायचं. किती बरं वाटायचं मला ते रिकामं भांडं बघून!

आणि एक दिवस बातमी आली, छावणी उठणार. जे आत उरले होते त्यांना उद्या सोडणार. मी चाळीत घरोघरी गूळ वाटला. विमलाबाईनं माझी ओटी भरली. ह्यांचं धोतर आणि सदरा घेऊन, मोठं कुंकू लावून मी दौलतबरोबर निघाले, कारण छावणीतले कपडे जाळणार होते आणि नवे बाहेरून द्यायचे होते.

गोरा शिपाई गेला होता. फाटकावर आपल्याकडचाच एक हवालदार होता, आधी आतल्या पहाऱ्यावर असलेला, बोलण्यावरून रत्नागिरीकडचा. बरा माणूस. म्हणाला, "बाई, कोणाचे कपडे? नाव सांगा."

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. "उस्ताद," मी म्हटलं. त्याला कळेना. "बाजावाले. पलटणीतले." तो म्हणाला, "बाजावाले आत बरेच आले होते. नाव हवं." मी दौलतकडे बघितलं, तर दौलत जमिनीकडे बघत होता. त्याला काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. शेवटी पदर तोंडाशी धरून मीच म्हटलं, "विश्राम."

हवालदाराचा चेहरा उतरला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं नाही? ते पहिल्याच आठवड्यात गेले. नदीवरच उरकलं सगळं."

मला हसू आलं. खरंच सांगते, हसू आलं. मी म्हटलं, "दुसरा कोणी विश्राम असेल. आमचे हे रोज बिगूल वाजवतात. थांबा जरा, आता वेळ झालीच आहे. तुमच्या कानांनीच ऐका."

आणि आतून हाका सुरू झाल्या. धाकूची झाली. आणखी दोन झाल्या. मग खालून वर चढणारी आली, थरथरत.

"हे बघा!" मी म्हटलं. "हे कोण मग?"

"तो धाकू," हवालदार म्हणाला. "स्वतःचं वाजवतो, मग बाकीच्यांचं होईपर्यंत थांबतो, एक पाऊल सरकतो आणि तुमच्या ह्यांचं वाजवतो. मी विचारलं त्याला, मेलेल्या माणसाचं काय वाजवतोस? तर म्हणाला, आमच्यात जागा मोकळी ठेवत नाहीत."

"बाकीचे गेले, त्यांचं का नाही वाजवलं मग?"

"त्यांच्या शेजारचेही गेले असतील, मला नाही माहीत, बाई. हा आत तुमच्या ह्यांच्या शेजारी उभा राहायचा."

मी दौलतकडे वळले. "तुला माहीत होतं?"

दौलत रडायला लागला. "माझ्या मनात आलं होतं, वहिनी. त्या आवाजावरून आलं होतं. पण मी ते मनात टिकूच दिलं नाही. तुम्ही कढण नेत होतात. मी कसं बोलू?"

कढण धाकू पीत होता. माझं माणूस जळून गेलं, राख नदीत गेली, आणि मी कुंकू लावून, ओटी भरून घेऊन, चाळीत गूळ वाटून आले होते. कदाचित त्याच दिवशी त्यांचा दहावा असेल. कावळ्याला घास ठेवला नाही कोणी. धाकूला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावं असंही वाटलं. काय करू मी, मला कळेना.

दौलतनं डोळे पुसले आणि सवयीनं बिगूल तोंडाशी नेला. मी त्याचा हात धरला.

"वहिनी, उत्तर द्यायला हवं. नाहीतर तो वाजवत राहील."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

आतून हाक पुन्हा आली. थोडी जोरात. मग पुन्हा. धाकू बिचारा आत घाबरला असेल, बाहेर कोणी उरलं नाही असं त्याला वाटलं असेल, हे मला समजत होतं. पण दौलतनं एकदा उत्तर दिलं असतं, तर तो थांबला असता, आणि धाकू थांबला की हे संपले.

अंधार पडेपर्यंत मी दौलतचा हात सोडला नाही.