चुकून बरोबर

पेटीवर हात ठेवला आणि नाकबाईंनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. पेटी गार होती, मेलेल्या अंगासारखी.

पाणी तपासायच्या कचेरीत त्यांना एकतीस वर्षं झाली होती. हातात येईल ती बाटली आधी हुंगायची, म्हणून हे नाव. हुंगून झालं की बाटल्या रात्रभर उबेच्या पेटीत. पाण्यात घाण असली तर बाटलीतल्या औषधाने सकाळपर्यंत ते काळं पडायचं, नसली तर जसंच्या तसं. मग नोंदवहीत ‘योग्य’ आणि खाली सही. आज त्या तासभर लवकर आल्या, तर पेटीची पिन खाली लोंबत होती आणि तिच्या जागी पहारेकऱ्याची विजेची शेगडी लावलेली.

“थंडीपुरती लावतो हो, बाई,” तो काडीने दात कोरत म्हणाला. “तुम्ही यायच्या आत पिन जागच्या जागी. कुणाला पत्ता लागतोय?”

“कधीपासून?”

“हा तिसरा हिवाळा.”

दातातलं काहीतरी त्याने फरशीवर थुंकलं. कालच त्यांनी शाळेच्या टाकीला ‘योग्य’ दिलं होतं, आणि त्यांची नात त्याच टाकीचं पाणी पीत होती.

त्या स्वतः शाळेत जाऊन बाटली भरून घेऊन आल्या. शेगडी उचलून बाहेर ठेवली, पिनेवर चिकटपट्टी मारली. दुसऱ्या दिवशी पेटी उबदार होती आणि पाणी नितळ. जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही.

सगळं ऐकून साहेबांनी बोटाला थुंकी लावून वहीची पानं उलटली. “मग बिघडलं कुठं? तुम्ही योग्य लिहिलंत, पाणी योग्य निघालं. चुकून लग्न जमलं तरी संसार होतोच की.”

“पण मला माहीत नव्हतं, साहेब.”

“बाटल्या उजेडात धरून बघितल्या होत्यात ना? मग तुमची काय चूक? उगाच झेंगट नको.”

तेच तर घशाखाली उतरत नव्हतं. बघितल्या होत्या, वेळ मोजली होती, लिहिलं तेही खरंच निघालं. तरी त्यांना माहीत काहीच नव्हतं. गार पेटीत गटाराचं पाणी ठेवलं असतं तरी तेही नितळच दिसलं असतं. शाळेचं निभावलं. बाकीच्यांचं? पानामागून पान त्यांचीच वळणदार सही होती, आणि साहेबांच्या थुंकीने कोपरे ओले झाले होते. आपल्याच अक्षराची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

त्यांनी वही ओढून घेतली. तीन हिवाळ्यांच्या प्रत्येक ‘योग्य’पुढे लाल शाईने ‘माहीत नाही’ लिहीत गेल्या. साहेब काय काय बोलत होते. शेवटी ते उठून गेले, तेव्हा त्या दुसऱ्या हिवाळ्यापर्यंतच पोचल्या होत्या.

घरी आल्यावर नातीने रोजच्यासारखी शाळेची बाटली त्यांच्या नाकाशी धरली. रोजचाच खेळ तो. आजीने हुंगायचं आणि म्हणायचं, पास.

“पास ना गं, आजी?”

आजीने हुंगलं. पुन्हा हुंगलं.

“वास तरी नाही,” ती म्हणाली. मग पिशवीतून कचेरीची कोरी बाटली काढून तिने तळाशी उरलेलं पाणी तीत ओतलं, बूच घट्ट लावलं. “बाकीचं उद्या सांगते.”