माझ्यापुढचं शून्य

मी रक्ताची एक नळी बोलतेय. उंची करंगळीएवढी, पोटात अर्धा चमचा रक्त आणि मुक्काम उणे ऐंशी अंशांच्या कपाटात. इथे कुरकुर करायचीही सोय नाही, तोंडच गोठलेलं!

माझ्यातलं रक्त एका बस ड्रायव्हरचं. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या गाठीवर किरणोपचार घेण्याआधी त्यांनी ते दिलं. काहींच्या रक्तात एक जनुकीय खूण असते आणि त्यांना किरण जास्त बाधतात, असा त्यांच्या डॉक्टरीणबाईंचा कयास होता. तो खरा ठरला, तर अशा रुग्णांना कमी किरण देऊन पाहण्याची चाचणी आखायची होती.

खूण माझ्यात सापडली. पण दर सहा महिन्यांनी नर्स फोनवर विचारायची, "काका, काही त्रास?"

"छे, छे! मजेत आहे."

ती बिचारी रकान्यात शून्य लिहायची. खूण असलेल्या इतरांचीही अशी शून्यं बरीच जमली, आणि ही खूण चाचणीतून वगळायचं ठरू लागलं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात काकांच्या धाकट्या भावाला तीच गाठ निघाली. पुढचं सगळं नर्सने कपाटापाशी उभं राहून सांगितलं, म्हणून मला कळलं. काका-काकू भावाला घेऊन आले, तेव्हा डॉक्टरीणबाई त्याला धीर देत होत्या, "तुमच्या दादांना कुठे काय झालं?" त्यावर काकूंचा बांध फुटला. "काय झालं? अहो, संडासातून रक्त जातं यांच्या! दोन वर्षं झाली बस सोडून. घराबाहेर पडत नाहीत."

"काका, मग सांगितलं का नाहीत?" नर्सने विचारलं.

काका मान खाली घालून म्हणाले, "मला वाटलं, गाठ परत आली का, असं विचारताय. आणि तुम्ही जीव वाचवलात, वर तक्रार कुठल्या तोंडाने करायची?"

त्या दिवशी फॉर्ममधला प्रश्न बदलला. 'काय काय करणं सोडलंत?' असं सगळ्यांना पुन्हा विचारलं. कितीतरी शून्यं पुसली गेली. खूण टिकली, चाचणी ठरली.

भावाच्या रक्तातही तीच खूण निघाली. काका म्हणाले, "याला कमीच किरण द्याल ना?"

"ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " निम्म्यांना नेहमीचे, निम्म्यांना कमी. कमी किरणांनी गाठ मरते का, हेच अजून कळायचंय."

भावाने पेन उचललं. "दादा, कुणाला तरी नेहमीचे घ्यावेच लागणार," म्हणत त्याने संमतीपत्रावर सही केली.

माझ्यातला शेवटचा थेंब उद्या तपासणीला जाईल आणि मला टाकून देतील. त्याबद्दल तक्रार नाही. तुम्हाला कुणी विचारलं तर मात्र खरं सांगा, संकोच करू नका. संगणकाचं उत्तर परवा येणार आहे. धाकट्याच्या वाट्याला काय आलं, ते मला कळणार नाही.