वायर खुलेपर्यंत

वायरीच्या निळ्या आवरणावर नखाएवढा पांढरा बाण छापलेला होता, अ‍ॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणारा—जणू आवाज रस्ता चुकेल—आणि मुकुंद गुडघे टेकून त्या बाणाकडे पाहत होता. "घाई नका करू भाऊ," सदर बाजारातला दुकानदार म्हणाला होता, "कोरी वायर आहे. वाजू द्या, आपोआप खुलते." म्हणून रोज ऑफिसला निघताना तो सतारीची तीच सीडी पुन्हापुन्हा वाजेल अशी लावून जायचा; घरात कोणी ऐको न ऐको, वायर खुलत राहील...

खुलायलाच हवी होती. सतारीच्या मुख्य तारांखाली ज्या बारीक तारा आपोआप झिणझिणतात, त्यांचा आवाज उन्हाळ्यापासून डाव्या स्पीकरमधून येईनासा झाला होता. दोष जुन्या वायरीचा, नाहीतर... धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावूनही तो गेला नव्हता. आधी वायर खुलू दे.

आज रविवार. तो उठून पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने डोळे मिटले. खोली भरलेली, दोन्ही बाजू सारख्या, कुठे काही उणं नाही.

"खुलली वं," तो बायकोला म्हणाला.

गोपिका त्याच्या उजवीकडे पलंगावर बसून मेथी निवडत होती. "काय खुललं?"

"वायर. रोज वाजून वाजून."

"कायची वाजते जी? तुमी फाटकाबाहेर गेले का मी बटन बंद करून टाकत होती. दिवसभर तेच टुंगटुंग, डोकं उठते माह्यं. संध्याकाळी तुमची गाडी आली का पुन्हा चालू."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी खुश दिसून राहिले होते ना."

तो हसला. मग हसू तसंच राहिलं, तोंडावर, विसरलेलं. वायर तर कोरीच आहे अजून... मग खुललं काय? काही आलंच नव्हतं. मी आवाज परत येण्याची वाट पाहत बसलो आणि जे गेलं होतं त्याची जागाच बुजून गेली, आता तिथे काही होतं हेही कानाला आठवत नाही—आणि कानाचंच कशाला, जेवायला गोपिका नेहमी माझ्या डावीकडे बसायची, कूलरसमोर, ती जागा कोणाला द्यायची नाही. यंदा भर मे महिन्यात तीच उठून उजवीकडे आली. "कूलरनं पाठ धरते," म्हणाली होती. आणि त्याने खरं मानलं होतं, जसं दुकानदाराचं.

त्याने रिमोटने सतार बंद केली.

"गोपिका, इकडं ये. या बाजूनं बस."

"काहून?"

"बस तं. अन् काही बोल. हळू."

ती ताट घेऊन उठली. डावीकडे गादी दबल्याचं त्याला जाणवलं. मान वळवायची नाही, एवढंच त्याने ठरवलं. समोरच्या बाणावर नजर ठेवून तो वाट पाहू लागला, ती बोलायला लागण्याची... की ती केव्हाची बोलूनच राहिली होती...